आधी वजनकाटा, मग खरेदी : कुटुंबासह कॅम्पिंगसाठी फोर-बाय-फोर गाडी आणि ट्रेलरची तयारी

कॅम्पिंगची गाडी तयार करायची म्हटलं की मन आधी वस्तूंकडे धावतं. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), छतावरचा तंबू, दिव्यांची पट्टी, मोठे टायर. आमचीही सुरुवात तिथूनच झाली. वर्षभर गाडीवर एकेक वस्तू चढत गेली. मग एकदा मुलांना मागे बसवून, पाण्याचे कॅन भरून, ट्रेलर जोडून गाडी वजनकाट्यावर घातली, तर ती कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर भरली. गाडी चालत होती, थांबत होती, वरून काहीच कळत नव्हतं. पण ब्रेक, टायर, स्प्रिंगचे पाटे हे सगळं ज्या वजनासाठी बनवलेलं असतं ते आम्ही ओलांडलं होतं, आणि मागच्या सीटवर मुलं होती. त्या पावतीनंतर आम्ही तयारीचा क्रमच बदलला. हा लेख त्या बदललेल्या क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी : गाडी किती भार घेऊ शकते

दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि गाडीचं मॅन्युअल काढून बसा. चार आकडे हवेत : रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ओढता येणारं कमाल वजन, आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन. जाहिरातीत फक्त तिसरा आकडा ठळक असतो. घरच्यांना घेऊन निघताना अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्याची येते.

समजा गाडी रिकामी २२५० किलो आहे आणि भरून ३००० किलोपर्यंत चालते. म्हणजे हातात ७५० किलो. भरपूर वाटतात. आता मांडून पाहा :

चार माणसं – २४० किलो
१५०० किलोच्या ट्रेलरचा बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा गोळा) येणारा भार – १५० किलो
लोखंडी बंपर आणि विंच – १०० किलो
छताचं कॅरिअर आणि वरचा तंबू – ९० किलो
जादा बॅटरी – २५ किलो
भरलेला ४० लिटरचा फ्रिज – ४५ किलो
४० लिटर पाणी – ४० किलो
कपडे, शिधा, भांडी – ८० किलो

बेरीज ७७०. मर्यादा ओलांडली, आणि अजून फावडं, जॅक, हत्यारांची पेटी गाडीत चढलेलीही नाही. यात उधळपट्टीची एकही वस्तू नाही. म्हणून म्हणते, खरेदीच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिता तसं वजनही लिहा. काही कंपन्या रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि इंधन धरतात, काही धरत नाहीत, तेही पाहून घ्या.

कागदावरच्या हिशेबावर मात्र थांबू नका. सगळं भरून, सगळ्यांना बसवून काट्यावर जा. पूर्ण गाडीचं वजन घ्या, पुढची चाकं काट्यावर आणि मागची खाली ठेवून पुढच्या ॲक्सलचं (दोन चाकांना जोडणारा आस) घ्या, तसंच मागच्याचं घ्या. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असं अनेकदा निघतं. कारण पुढच्या पायरीत आहे.

ट्रेलरचा भार बॉलवर कसा येतो

बॉल-हिचच्या (बॉलवर अडकणाऱ्या जोडणीच्या) ट्रेलरसाठी साधारण नियम असा, की त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा. १५०० किलोच्या ट्रेलरला १५० ते २२५ किलो. पण गाडीची आणि हिचची स्वतःची मर्यादा याहून कमी असू शकते. काही गाड्यांना ७५ ते १०० किलोच चालतात. मग तेवढ्या मर्यादेत नीट चालेल असा हलका ट्रेलरच निवडायला हवा. जड ट्रेलर घेऊन त्याचं सामान मागे सरकवून बॉलवरचा भार कमी करणं हा सगळ्यात धोकादायक उपाय आहे. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो.

बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखं काम करतो. मागचा ॲक्सल ते बॉल १.२ मीटर आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.८ मीटर असेल, तर बॉलवरच्या १५० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे २१४ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून सुमारे ६४ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते, हेडलाइट आभाळाकडे बघतात. गाडीने मागे बूड टेकल्यासारखं दिसत असेल तर नुसते मागचे स्प्रिंग कडक करून गाडी सरळ दिसेल, पण पुढचा हरवलेला भार परत येणार नाही. त्यासाठी भार वाटून देणारा हिच असतो. तो गाडीच्या आणि ट्रेलरच्या उत्पादकाला मान्य आहे ना, हे आधी पाहा. खडबडीत, खोल चढ-उतारांच्या वाटेवर त्याचे दांडे काढून ठेवावे लागतात.

ट्रेलर भरताना जड वस्तू खाली आणि ॲक्सलच्या जवळ ठेवा. मागच्या टोकाला जड काही नको, अगदी टोकाला लावलेल्या दोन सायकलीही फरक पाडतात. पाण्याची टाकी कुठे बसवलेली आहे ते वाकून पाहा. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. ती ॲक्सलच्या पुढे असेल तर पाणी संपताना बॉलवरचा भार घटतो, मागे असेल तर वाढतो. म्हणून भरल्या टाकीने एकदा आणि रिकाम्या टाकीने एकदा असा दोनदा तोल पाहावा. अर्धी टाकी वळणावर उचंबळते, आत पडदे नसतील तर ते स्टिअरिंगला जाणवतं.

थांबणं आणि डोलणं

कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर अडकणारं टोक) बसला की जॅकने ट्रेलरचा दांडा थोडा वर उचलून पाहा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर कपलर खरोखर अडकला आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, जमिनीत रुतत नाही. ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी साखळीत अडकवू नका, तिची वेगळी जागा ठेवा.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ते प्रत्येक वेळी, त्या दिवशीच्या भाराला जुळवून घ्यावे लागतात. सपाट, मोकळ्या जागेत ताशी ३०-४० किलोमीटरने जात असताना केबिनमधल्या, ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या कंट्रोलरचा दांडा हाताने दाबा. ट्रेलरने गाडीला मागून घट्ट धरल्यासारखं वाटलं पाहिजे, पण त्याची चाकं घासता कामा नयेत.

ट्रेलर डोलू लागला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येक चालकाला आधीच पाठ हवं. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. डोलण्याच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवू नका. गाडीचे ब्रेक जोरात दाबू नका, नाहीतर ट्रेलर मागून ढकलतो. वेग वाढवून तो सरळ होईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. पुढे सुरक्षित जागी थांबून भार परत मांडा, आणि उरलेला रस्ता कमी वेगाने कापा.

टायर, मग बाकी सगळं

गाडी उंच करण्याआधी टायरवर खर्च करा. आमचं मत ठाम आहे : कुटुंबाच्या गाडीला उंची क्वचितच लागते. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी जास्त झुकते, मुलांना मळमळतं. मोठ्या घेराच्या टायरने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकवरचा ताण वाढतो. मूळ मापाचे, पुरेशा भारक्षमतेचे, ऑल-टेरेन टायर बहुतेक वाटांना पुरतात. जमल्यास ट्रेलरलाही त्याच मापाची चाकं बसवा, म्हणजे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. ट्रेलरचे टायर वर्षातले बरेच महिने उन्हात उभे असतात, त्यामुळे नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं. पाच-सहा वर्षं झाली की ते बारकाईने तपासून घ्या.

खऱ्या ऑफ-रोडिंगचं अर्धं शिक्षण हवा कमी करण्यात आहे. खडीच्या लांब रस्त्यावर टायरमधला डांबरी रस्त्यासाठीचा दाब पाव भागाने कमी करा आणि वेगही कमी करा. मऊ वाळूत १५ ते २० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं एकक) उतरा. दाब कमी केला की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि गाडी वाळूवर तरंगते. ट्रेलरची हवाही उतरवा. पुष्कळजण ती विसरतात आणि मग गाडीच्या मागे जणू नांगर बांधलेला असतो. डांबरावर परतलात की लगेच हवा भरा, म्हणून चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा गेज या दोन वस्तू विंचच्या आधी घ्या.

रुतलेली गाडी काढायला फावडं, ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या पकड देणाऱ्या फळ्या) आणि कमी केलेली हवा यांनी बहुतेक वेळा काम भागतं. दोरीने ओढायची वेळ आलीच, तर दोर कधीही टो-बॉलला अडकवू नका. बॉल रोजच्या ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि अशा अपघातात माणसं गेली आहेत. दोर फक्त चासीला जोडलेल्या, क्षमता लिहिलेल्या हुकाला लावायचा. मुलांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, आणि ओढीच्या रेषेच्या बाजूला उभं करा. हे करताना एक मोठं माणूस फक्त मुलांपाशी थांबेल, असा आमच्याकडे नियम आहे.

ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे आमची एक सहल अर्धी राहिली. लांब उतार उतरून लगेच ओढा ओलांडला होता. तासाभराने थांबलो तेव्हा जळक्या ग्रीसचा वास आला. डाव्या हबजवळ (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) हात नेला तर तळव्याला आच लागली, उजवा नुसता कोमट होता. टोपी काढली तर आतलं ग्रीस दुधासारखं पांढुरकं झालेलं. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून हब निवू देतो, आणि प्रत्येक थांब्यावर हाताची मागची बाजू ट्रेलरच्या प्रत्येक चाकाजवळ नेऊन बघतो. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरतो. सोबत ग्रीस लावलेला एक बेअरिंगचा संच, सील आणि स्प्लिट पिन एका डब्यात असते. चाक काढून बसवलं असेल तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

झोपायची व्यवस्था मुलांच्या वयावरून ठरवा

छतावरचा तंबू दिसतो छान, पण अडीच वर्षांच्या मुलाला मध्यरात्री शिडीवरून उतरवणं वेगळी गोष्ट आहे. लहान मुलं असतील तर जमिनीलगत झोपता येईल अशी सोय हवी : उघडणारा तंबू-ट्रेलर, किंवा बंक असलेला छोटा कॅराव्हॅन. मुलं मोठी झाली की त्यांना वेगळा छोटा तंबू द्या, तो त्यांनाच हवा असतो.

वरचा तंबू घ्यायचाच असेल तर छताची मर्यादा तपासा. गाडी चालत असतानाची मर्यादा अनेक गाड्यांत ७५ ते १०० किलोच असते, आणि त्यात कॅरिअरचं वजनही आलं. उभ्या गाडीचं छत याच्या कितीतरी पट भार पेलतं, म्हणून वर माणसं झोपू शकतात. पण खाचखळग्यांच्या वाटेसाठी काही उत्पादक ही मर्यादा आणखी खाली आणतात.

पूर्ण बंद झोपण्याच्या जागेत दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं आणि पहाटे ते छतावरून ठिबकतं. थंडी घालवायला आत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका, दोन मिनिटंही नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्याचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो, म्हणून गॅसचा अलार्म खाली लावा आणि तळाची झरोक्याची जाळी पसाऱ्याने बुजवू नका. सिलिंडर नेहमी उभा, आणि प्रवासात बंद. अग्निशामक दाराजवळ हवा. शेगडीच्या पलीकडे ठेवला तर तो घ्यायला आगीतूनच हात घालावा लागेल.

वीज : गरजेपासून उलटा हिशेब

बॅटरी किती मोठी घेऊ, हा प्रश्न शेवटी येतो. आधी दिवसभराचा खर्च मांडा. कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ३५ ॲम्पिअर-तास, पंखा १०, दिवे ५, फोन ५, पाण्याचा पंप २. म्हणजे जवळपास ६०. ढगाळ हवेत दोन दिवस निघावेत असं धरलं तर १२० लागतात.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून २४० ॲम्पिअर-तासांची घ्यावी लागेल, म्हणजे सुमारे ७० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्क्यांपर्यंत वापरता येते. १५० ॲम्पिअर-तासांत काम होतं आणि वजन २० किलोच्या आत राहतं. वजनकाट्याची ती पावती आठवली की हा फरक पैशांपेक्षा मोठा वाटतो. मात्र ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये, आणि तिला गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) थेट न जोडता मध्ये चार्जिंग नियंत्रित करणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. चांगल्या उन्हात २०० वॅटचं पॅनेल दिवसाला ६०० ते ८०० वॅट-तास देतं, वरचा ६० ॲम्पिअर-तासांचा खर्च म्हणजे सुमारे ७२० वॅट-तास. जेमतेम जुळतं. पॅनेल सुटं असेल तर गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता येतं.

वायर जाड घ्या. गाडीपासून ट्रेलरमधल्या फ्रिजपर्यंत ५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. त्यातून १० ॲम्पिअर जात असतील तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.७ व्होल्ट वाटेतच संपतात आणि फ्रिज बॅटरी उतरली समजून बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हीच घट ०.३ व्होल्टच्या आसपास येते. आणि प्रत्येक वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. चासीला घासून वायर सोलली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच वाचवत नाही.

पाणी आणि केबिनमधलं सामान

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ४-५ लिटर धरा, धुण्यासह १०. सगळं एकाच टाकीत भरू नका. एक नळी फुटली तर सगळं पाणी वाटेत सांडतं. एक-दोन कॅन वेगळे असू द्या.

केबिनमध्ये सुटी वस्तू ठेवू नका. जोराच्या ब्रेकला फ्रिज सीटच्या पाठीवर येऊन आदळतो. तो जमिनीच्या कड्यांना पट्ट्याने बांधा, सामान आणि मुलं यांच्यामध्ये मजबूत जाळी बसवा. मुलांच्या सीटचे वरचे पट्टे जिथे अडकतात ते कडे सामानाखाली झाकून टाकू नका.

मुक्कामाला पोचल्यावर

सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं, हे निघायच्या वेळेवरून ठरतं. उतरून आधी पायी फिरा. डोक्यावर वाळलेली फांदी, पायाखाली कोरडा नाला, पाणी वाहून जाण्याच्या खुणा दिसल्या तर जागा बदला.

मग क्रम मोडू नका. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी पातळी साधा, खालच्या बाजूच्या चाकाखाली उताराची फळी घालून. आमची धाकटी गवंड्याची छोटी पाणसळ दारात धरून उभी राहते आणि बुडबुडा मध्ये आला की ओरडते. तिने सांगितल्याशिवाय कोणी गाडी बंद करत नाही. नंतर चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे. ठोकळे बसल्यावरच कपलर सोडा. पुढे-मागे पातळी पुढच्या जॉकी चाकाने (दांड्याखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) साधते. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली आणा. हे पाय फक्त हलणं थांबवतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नसतो, नाहीतर सांगाडा पिळवटतो आणि दारं अडकू लागतात.

रिव्हर्सचा सराव आधीच रिकाम्या मैदानात करून ठेवा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं बूड डावीकडे हवं असेल तर हात डावीकडे न्या, उजवीकडे हवं असेल तर उजवीकडे. बिघडलं की पुढे जाऊन सरळ व्हा, खेचाखेच करू नका. मागे उभ्या माणसाने आरशात दिसेल तिथेच राहावं, तो दिसेनासा झाला की थांबायचं.

पहिली सहल घरापासून तासाभराच्या अंतरावर, एका रात्रीची करा. परत आल्यावर सगळं सामान जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा : रोज लागलेलं, एकदा लागलेलं, हातही न लागलेलं. औषधांची पेटी, अग्निशामक आणि चाक बदलायचं सामान सोडून तिसरा ढीग घरीच ठेवा. दुसऱ्या सहलीनंतर पुन्हा हेच करा. आमच्या गाडीतून असे ६० किलोपेक्षा जास्त कमी झाले, आणि वजनकाट्याची नवी पावती मर्यादेच्या आत आली. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली आहे.

घरी आल्यावर तंबू दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवा. ओला कॅनव्हास गुंडाळून राहिला की त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. टाकीतलं पाणी पूर्ण काढा, हब हात लावून आणि ट्रेलरखाली वाकून एकदा पाहा, बॅटरी चार्ज करून जोडणी सोडा. फ्रिज पुसून झाकणात लाकडाचा तुकडा अडकवा, बंद ठेवला तर तो पुढच्या सहलीपर्यंत वास धरतो.